तीन अंशांची पाचर

थोरल्या मिस्त्रींचा उजवा गुडघा आणि धाकट्याचा डावा, असे दोन गुडघे एकाच आठवड्यात कामातून गेले, असं लोक सांगतात. ते काही खरं नाही. गेले होते ते केव्हाच. चाळीस वर्षं लोकांच्या घरात ओणवं बसून लाकडी जमिनी बसवल्या, कपाटांच्या तळाशी डोकी घातली, त्याचं ते बक्षीस. एकाच आठवड्यात झालं ते एवढंच, की दोघांनी ते कबूल केलं. तेही ईर्षेपायी. धाकटा हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑपरेशनसाठी नाव घालून आला, हे कळल्यावर थोरले दुसऱ्याच दिवशी गेले. कुठल्याही बाबतीत धाकट्याच्या मागे राहणं त्यांना जमतच नव्हतं.

दोघेही सुतार. कारखाना आबांचा, म्हणजे त्यांच्या वडिलांचा, आणि तो अजून एकच. फक्त मधोमध प्लायवूडचं पार्टिशन आहे. सात वर्षांपूर्वी धाकट्याने कॉम्प्युटरवर चालणारं कापणीयंत्र आणलं, तेव्हा ते उभं राहिलं. थोरले म्हणाले होते, "ते माझ्या डोळ्यांसमोर नको." धाकट्याने पडत्या फळाची आज्ञा समजून पार्टिशन घातलं, आणि तेही त्या यंत्रावरच कापून. केसभर फट नाही कुठे. थोरल्यांनी ते बोटांनी चाचपून पाहिलं होतं, धाकटा नसताना.

याला भांडण म्हणावं, तर दुपारचे डबे ते एकत्रच उघडायचे. एकमेकांच्या डब्यात हात घालायचे. यंत्राचा विषय निघाला की थोरले कानात काडी घालून बसायचे आणि धाकटा गालातल्या गालात हसायचा. रंधा, पटाशी, करवत यांच्यावर थोरल्यांचा जीव होता. हाताला लाकूड कळतं, यंत्राला फक्त आकडा कळतो, हे त्यांचं म्हणणं त्यांच्या बायकोला झोपेतही पाठ होतं.

आता नशीब असं, की हॉस्पिटलमध्येही नेमकं हेच प्रकरण निघालं.

"आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे," डॉक्टर म्हणाले. डॉक्टर पन्नाशीचे, बोलताना चष्मा पुसायची सवय. "गुडघा बदलताना हाड कापावं लागतं. निम्म्या पेशंटचं हाड मी नेहमीसारखं कापतो, हाताने, साचे लावून. निम्म्यांच्या वेळी रोबोचा हात मदतीला असतो. ठरवलेल्या रेषेच्या बाहेर तो करवत जाऊच देत नाही. कोणाला काय मिळणार हे त्या दिवशी सकाळी चिठ्ठी काढून ठरतं. तुम्हाला वर्षभर सांगायचं नाही. तुमचा गुडघा मोजणाऱ्या बाईंनाही सांगायचं नाही. वर्षानंतर बघायचं, कोण जास्त बरं चालतंय."

थोरल्यांचे कान टवकारले. धाकट्याचेही.

"हाताचा," थोरले ताबडतोब म्हणाले.

"रोबोचा," धाकटा म्हणाला.

"निवडता येत नाही," डॉक्टर म्हणाले, "तेच तर सांगतोय."

दोघांनी सह्या केल्या. बाहेर बाकावर आल्यावर थोरले बराच वेळ स्वतःच्या तळहातांकडे बघत बसले. मग म्हणाले, "ऐक. सहा महिने. सहा महिन्यांत मी पूर्वीसारखा दिवसभर बाकड्यापाशी उभा राहिलो, तर ठीक. नाही राहिलो, तर ते पार्टिशन काढ आणि माझ्या जागेवर तुझ्या यंत्राचं दुसरं टेबल टाक. हत्यारं तू घे. मी अर्धवट येऊन खुर्चीत बसून लोकांना सल्ले देणार नाही."

"दादा, काहीतरी काय बोलतोस!"

"बोललो ते बोललो."

दादा बोलला की ती दगडावरची रेघ, हे धाकट्याला लहानपणापासून माहीत होतं. पण वरकरणी तो एवढंच म्हणाला, "बरं. चहा घेऊ या?"

ऑपरेशनं झाली. थोरल्यांचं मंगळवारी, धाकट्याचं गुरुवारी. शुद्धीवर आल्याबरोबर थोरल्यांनी बायकोला पट्टी किती लांब आहे ते विचारलं. गुडघ्यावरच्या मोठ्या पट्टीखाली, नडगीवर दोन छोट्या पट्ट्या होत्या. रोबोला हाड कुठे आहे ते कळावं म्हणून तिथे खुणेच्या काड्या बसवतात, असं शेजारच्या पलंगावरच्या माणसाने सांगितलं. थोरल्यांचा चेहरा उतरला. गुरुवारी धाकट्याला आणलं, तेव्हा त्याच्या नडगीवरही दोन छोट्या पट्ट्या.

"सगळ्यांनाच असतात," मोजणीबाई म्हणाल्या. "ओळखू येऊ नये म्हणून. फार हुशारी करू नका, काका."

मोजणीबाई म्हणजे फिजिओथेरपिस्ट. वय तिशीच्या आत, आवाज मात्र हेडमास्तरांचा. हे नाव तिला थोरल्यांनीच ठेवलं होतं. गुडघा किती वाकतो ते ती दोन पट्ट्यांच्या प्लास्टिकच्या कोनमापकाने मोजायची. ते हत्यार थोरल्यांना पहिल्याच दिवशी आवडलं. त्यांनी मागून घेतलं, उघडझाप करून पाहिलं आणि "बिजागरी ढिली आहे, अर्धा अंश खाते" असं सांगून परत केलं. तिने नंतर तपासलं. खरंच खात होती. तेव्हापासून ती त्यांना जरा वचकून असायची आणि त्यांच्यावर जरा जीवही टाकायची.

मोजून झालं की प्रश्नांचा कागद असायचा. जिना उतरताना त्रास होतो का, खुर्चीतून उठताना किती दुखतं, वगैरे. एक प्रश्न होता, "गेल्या चार आठवड्यांत गुडघा ऐन वेळी दगा देईल असं वाटलं का?"

"गुडघ्याबद्दल विचारताय की भावाबद्दल?" थोरले म्हणाले. पलीकडच्या पलंगावरून धाकटा खो खो हसला आणि टाका ओढला गेला म्हणून ओरडला.

सहा आठवडे सगळं झकास चाललं. थोरले काठी सोडून चालायला लागले. रोज सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचे, आल्यावर बायकोला किती पावलं झाली ते सांगायचे आणि ती "हो का!" म्हणाली नाही तर रुसायचे. माणूस असा मजेत असताना त्याने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये. पण थोरले पडले कारागीर. कोणी काम करून दिलं, की ते तपासल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

एके दिवशी बायको बाजारात गेल्याचं पाहून त्यांनी पेटीतून ओळंबा काढला. कपाटाच्या आरशासमोर उभे राहिले, विजार वर खोचली, ओळंब्याची दोरी कमरेच्या हाडाशी धरली आणि वजन खाली घोट्यापाशी सोडलं. वजन स्थिर झालं. त्यांनी आरशात पाहिलं. गुडघ्याची वाटी दोरीवर नव्हती. बाहेरच्या बाजूला सरकलेली होती. चांगली अकरा मिलिमीटर. त्यांनी तीनदा मोजलं. मग कागदावर उभी रेघ मारली, आडवी मारली, हिशेब मांडला. तीन अंश. पाय तीन अंश बाहेर वाकडा बसवला होता.

यंत्राकडून तीन अंशांची चूक होणार नाही, एवढं तर सात वर्षांत पार्टिशनपलीकडून ऐकून ऐकून त्यांना कळलं होतं. म्हणजे गुडघा हाताने बसवलेला. म्हणजे त्यांना हवा तोच मिळाला होता, आणि तोच चुकला होता.

पलंगावर बसून त्यांनी खूप विचार केला. डॉक्टरांना सांगावं? सांगितलं, तर उद्या त्या कागदावर लिहिलं जाणार, हाताचं काम कच्चं. आणि धाकटा? तो काही बोलणार नाही. तो फक्त गप्प बसेल, आणि ते तर त्याहून वाईट. डॉक्टर माणूस चांगला होता. चुकतो एखादा कारागीर एखाद्या दिवशी. त्याचं काम बोंबलून चव्हाट्यावर मांडायचं नसतं, गुपचूप सावरून घ्यायचं असतं. त्यांनी स्वतः आबांची दोन दारं अशीच सावरली होती, आबांना कळू न देता.

दार एका बाजूला झुकलं, तर सुतार काय करतो? पाचर मारतो.

संध्याकाळपर्यंत पाचर तयार होती. जुन्या चौकटीचं चिवट लाकूड, एका कडेला चार मिलिमीटर आणि दुसऱ्या कडेला शून्य, इतकी पातळ की उजेडात धरली तर बोट दिसावं. पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केली, वर चामड्याचा तुकडा चिकटवला आणि उजव्या बुटाच्या आत, आतल्या तळव्याखाली, बाहेरच्या कडेला बसवली. बूट घातला, ओळंबा सोडला. वाटी बरोब्बर दोरीवर. थोरल्यांनी आरशातल्या स्वतःला मान डोलावून शाबासकी दिली.

आठवड्याभरात गुडघा दुखू लागला. आधी बाहेरच्या बाजूला, मग आत, मग वर कमरेत. संध्याकाळी सूज. थोरल्यांनी दात खाऊन चालणं वाढवलं. नवीन पाचर बसायला वेळ लागतो, हे त्यांना ठाऊकच होतं. बायको रोज विचारायची, "अहो, दुखतंय का?" आणि ते रोज "छे!" म्हणायचे. छे म्हणताना जिन्याचा कठडा इतका घट्ट धरायचे, की तिला काही विचारायची गरजच नव्हती.

धाकटा मात्र सुटला होता. अडीच महिन्यांत तो यंत्रापाशी उभा राहायला लागला. एका दुपारी थोरले कारखान्यात टेकायला गेले, तर पठ्ठ्या शिडीवर. थोरल्यांना वाटलं, याला रोबो मिळाला. मिळणारच. यंत्राची माणसं यंत्राला बरोबर सापडतात. ते आपल्या बाकड्यापाशी अर्धा तास उभे राहिले. घाम फुटला. रंध्याचा एक हात मारला आणि खाली बसले. पार्टिशनपलीकडचं यंत्र तेवढ्यात बंद झालं होतं, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

गंमत म्हणजे तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला धाकटाही लंगडत आला.

"काय रे?" थोरल्यांनी विचारलं.

"काय सांगू दादा, पंधरा दिवसांपासून अडकतोय. वाकतच नाही."

थोरल्यांच्या मनात काहीतरी सैल झालं. आपण एकटे मागे पडलो नाही, या विचाराने त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगोलग लाजही वाटली. सख्ख्या भावाचा पाय दुखतोय आणि आपल्याला हायसं वाटतंय! त्या दिवशी डब्यातली निम्मी भाजी त्यांनी धाकट्याला वाढली. धाकट्याने ती मुकाट्याने खाल्ली.

मोजणीबाई मात्र चक्रावल्या. सहा आठवड्यांत एकशे वीस अंश वाकणारे दोन भाऊ तिसऱ्या महिन्यात शंभरावर, पाचव्या महिन्यात पंच्याण्णववर. सूज एकालाच, पण रड दोघांची. एक्स-रे स्वच्छ. रक्त स्वच्छ. व्यायाम करता का, तर हो. खोटं बोलता का, तर छे.

असा सहावा महिना उजाडला.

त्या दिवशी थोरल्यांनी घरून निघताना हत्यारांची पेटी बायकोला पुसून ठेवायला सांगितली. "धाकट्याकडे द्यायची आहे," ते म्हणाले. बायकोने फडकं हातात घेतलं आणि तशीच उभी राहिली. तिला पदराने डोळे पुसावेत की पेटी, हे कळेना. "अहो, निदान डॉक्टर काय म्हणतात ते तरी ऐकून या," ती म्हणाली. थोरले बूट चढवून, कठडा धरून जिना उतरू लागले.

तपासणीच्या खोलीत दारापाशीच सरावासाठी चार लाकडी पायऱ्या होत्या. चढायच्या चार, उतरायच्या चार. थोरले त्या कशाबशा चढले. उतरताना थांबले. मोजणीबाईंनी घड्याळ बंद केलं आणि त्यांना खुर्चीत बसवलं. धाकटा बाहेर बाकावर आपल्या पाळीची वाट बघत होता.

"बूट काढा काका, सूज बघते."

त्यांनी बूट काढला आणि नेहमीसारखा स्वतःच उचलून खुर्चीखाली सारायला गेले, पण वाकता आलं नाही. बाईंनीच उचलला. उलटा करून तळ बघितला. तळ आतल्या कडेने साफ झिजला होता, बाहेरून कोरा करकरीत. बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी बुटात हात घातला, आतला तळवा उचलला, आणि पाचर टकन जमिनीवर पडली.



बाईंनी पाचर उचलली. उजेडात धरली. अंगठा तिच्या धारदार कडेवरून फिरवला. रागवायचं की कौतुक करायचं, हे त्यांना ठरवता येईना, असं तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"हे काय आहे?"

"पाचर," थोरले म्हणाले. "तीन अंशांची."

"का?"

मग थोरल्यांनी सगळं सांगितलं. ओळंबा, आरसा, अकरा मिलिमीटर. डॉक्टरांना दोष नाही, हेही आवर्जून सांगितलं. "हाताने होतं एखाद्या वेळी. म्हणून मी बोललो नाही."

बाई दार उघडून बाहेर गेल्या आणि डॉक्टरांनाच घेऊन आल्या. डॉक्टरांनी पाचर पाहिली, चष्मा काढला, पुसला, परत पाहिली.

"मिस्त्री," ते म्हणाले, "दुसरा पाय मोजलात?"

"तो कशाला? त्याचं काम कुठे झालंय?"

"उभे राहा. ओळंबा आहे?"

ओळंबा थोरल्यांच्या खिशात होताच. त्यांनी दोरी डाव्या कमरेशी धरली. वजन स्थिर झालं. डाव्या गुडघ्याची वाटी बाहेर. अकरा मिलिमीटर.

थोरल्यांनी डोळे मिटून उघडले. आकडा बदलला नाही.

"तुमचे दोन्ही पाय जन्मापासून तीन अंश बाहेर आहेत," डॉक्टर म्हणाले. "जन्मभर त्याच कोनात चाललात. स्नायू, शिरा, सगळं त्याला सरावलेलं. सरळ केला असता, तर तुम्हाला परक्याचा पाय लावल्यासारखं वाटलं असतं. म्हणून तुमचा बाक होता तसाच ठेवला. आता तपासायचंच आहे, तर नियमाप्रमाणे मला तुमची नोंद उघडावी लागेल." त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं, वाचलं आणि मान वर केली. "ठरवलं होतं तीन अंश. बसलाय तीन अंशांवर. रोबोच्या हाताने."

थोरले मटकन खुर्चीत बसले. इतके महिने ज्याची बाजू राखली, तो हात नव्हताच. आणि ज्या यंत्राला फक्त आकडा कळतो, त्याने त्यांचा वाकडेपणा जसाच्या तसा जपला होता. गुडघा बिघडवला तो त्यांच्याच कसबी हाताने, पॉलिश पेपर मारून.

"म्हणजे यंत्राचं काम चांगलं," ते हळूच म्हणाले.

"रेषा ते चांगली पाळतं," डॉक्टर म्हणाले. "पण किती अंश ठेवायचे, ते मी हाताने पाय हलवून ठरवतो, दोन्हीकडे. आणि खरं सांगू? आतापर्यंत आमच्या अभ्यासात दोन्हीकडचे पेशंट जवळजवळ सारखेच चालतायत. अजून आकडे पुरे व्हायचेत. तुमचे तर बुटातल्या या पाचरीपायी खोटेच ठरले."

दार उघडंच राहिलं होतं. बाहेर बाकावर धाकट्याने "पाचर" हा शब्द ऐकला आणि तो आत आला. आला म्हणजे कसा, तर सरावाच्या चार पायऱ्या वाटेत होत्या, त्या धडाधड चढून पलीकडे उतरला आणि थोरल्यांच्या खुर्चीसमोर नव्या गुडघ्यावरच खाली बसला. "दादा! बुटात पाचर? डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

मोजणीबाईंनी हाताची घडी घातली. "काका, तुमचा गुडघा तर पंच्याण्णववर अडकला होता ना?"

 आपण कुठल्या पायावर बसलोय, ते धाकट्याने खाली बघून घेतलं. उशीर झाला होता.

"लबाडा," थोरले म्हणाले.

"मग काय करणार होतो?" धाकटा एकदम भडकला. "तुझी ती सहा महिन्यांची अट! तू एकटा मागे राहिला असतास, तर हत्यारं माझ्या गळ्यात मारून घरी बसला असतास. मला वाटलं, दोघांचंही बिघडलं तर म्हणशील, डॉक्टरच वाईट, चल जाऊ कामाला. मला नकोत तुझी हत्यारं. मला वापरता तरी येतात का?"



"आणि मला कळलं होतं काहीतरी बिघडलंय ते," धाकटा पुढे म्हणाला, आता हळू. "तुझी चाल आबांची आहे दादा. फताडी. जोडा टेकताना जरा घासतो. सात वर्षं पार्टिशनच्या पलीकडून ऐकतोय मी. मी यंत्र बंद करायचो तुझी चाल ऐकायला. तिसऱ्या महिन्यात ती बंद पडली. कुणीतरी दुसराच माणूस चालतोय असं वाटायचं."

थोरल्यांनी तोंड फिरवलं. भिंतीवर गुडघ्याच्या हाडांचं रंगीत चित्र होतं, ते त्यांनी अगदी मन लावून पाहिलं. मोजणीबाईंनी आपल्या कागदावर तीन महिन्यांच्या सगळ्या आकड्यांवर काट मारली, एकदा याच्या, एकदा त्याच्या, आणि नाक पुसलं. "असले पेशंट परत देऊ नका हो मला," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. मग त्यांनी पाचर थोरल्यांच्या हातात ठेवली. "ही ठेवा. पायाखाली सोडून कुठेही."

"आणि माझा कुठला?" धाकट्याने विचारलं. "हाताचा की रोबोचा?"

"तुमची नोंद उघडायचं काही कारण नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही फक्त खोटारडे आहात. वर्ष भरल्यावर या."

दोघे तिथून थेट कारखान्यात गेले. धाकट्याने आज यायलाच हवं म्हणून हट्ट धरला होता. थोरल्यांच्या बाकड्यापाशी जुन्या चादरीखाली काहीतरी झाकलेलं होतं.

"आज दाखवायचं होतं," धाकटा म्हणाला. "सहा महिने झाले म्हणून. उभं राहवलं नाही, तर बसून कर, पण कर, असं सांगणार होतो."

त्याने चादर ओढली. उंच स्टूल होतं, बाकड्याच्या उंचीला बरोबर. थोरल्यांनी ओळखलं, ते यंत्राचं काम नव्हतं. खाचांच्या कडांना पटाशी घसरल्याच्या खुणा होत्या. एका सांध्यात इतकी फट, की नाणं आत जाईल. बैठकीवर रंध्याने आडवा ओरखडा काढला होता आणि तो पॉलिश पेपरने लपवायचा प्रयत्न केला होता. तीन रविवार मोडले असतील याचे, थोरल्यांना वाटलं. आबा असते, तर हे स्टूल त्यांनी चुलीत घातलं असतं.

"यंत्रावर तासाभरात झालं असतं," धाकटा कान खाजवत म्हणाला. "पण त्यावर तू बसला नसतास."

थोरल्यांनी स्टूल हलवून पाहिलं. ते डुगडुगलं. एक पाय आखूड होता. धाकट्याने मान खाली घातली.

थोरले बाकडं धरून, हळूहळू, खाली वाकले. खिशातून पाचर काढली आणि आखूड पायाखाली सरकवली. थोडी मागे घेतली, परत पुढे रेटली. मग वरून तळहाताने दाबून पाहिलं. स्टूल जागचं हललं नाही.

"बसलं," ते म्हणाले, आणि त्यावर बसले. बराच वेळ बसले. मग धाकट्याला म्हणाले, "वहिनीला फोन कर. म्हणावं, पेटी पुसून झाली असेल तर इकडेच घेऊन ये."

सूज उतरायला महिना गेला, कंबर सुटायला आणखी पंधरा दिवस. स्टूल होतंच, पण त्याच्यावर बसायची वेळ दुपारनंतरच यायची. एका सकाळी थोरले एक दार घासत होते. मोठा रंधा भिंतीवर टांगलेला होता, त्यांच्या भागाच्या दुसऱ्या टोकाला. ते उठले आणि तो आणायला गेले. जाताना एकवीस पावलं, येताना एकवीस. दुखलं नाही, म्हणून त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पलीकडचं यंत्र बंद झालं होतं.

"दादा," पार्टिशनमागून धाकट्याचा आवाज आला, "परत एकदा चाल ना."

थोरल्यांनी रंधा बाकड्यावर ठेवला. हातात काही नव्हतं, पलीकडे काही आणायचंही नव्हतं. ते भिंतीपर्यंत गेले आणि परत आले, सावकाश, फताडे, जोडा घासत. मग पुन्हा गेले.